फेविक्विक, एम-सील की सिलिकॉन?

प्रश्न: दादा, घरी दीडशे लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे, आठ महिने झाले. झोअँथिडचे (फुलांसारख्या दिसणाऱ्या कोरलचे, म्हणजे प्रवाळाचे) फ्रॅग, म्हणजे तोडून आणलेले तुकडे, रॉकवर नुसते ठेवले की टर्बो स्नेल (टँकमधला गोगलगाय) रात्रीत पाडतो, सकाळी बघावं तर वाळूत उलटे पडलेले. एका दुकानदाराने सिलिकॉन दिलं, ते पाण्यात धरलंच नाही, नुसता व्हिनेगरसारखा वास. घरात फेविक्विक आणि एम-सील पडलंय, ते वापरलं तर मासे मरतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: सिलिकॉनचा दोष नाही हो, ते कोरड्या काचेसाठी असतं, पूर्ण सुकायला एक-दोन दिवस लागतात आणि तो वास ॲसेटिक ॲसिडचा. बाथरूमवालं बुरशीरोधक असेल तर टँकजवळसुद्धा नेऊ नका.

फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट, जगभर रीफवाले (घरी कोरल पाळणारे) हेच वापरतात, ओलाव्यानेच ते घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की पाण्यात काही सोडत नाही. पण पातळवालं नको, ते ओघळतं, पाण्यात गेलं की पांढरी साय धरते आणि खाली पकड शून्य. जेल घ्या, जाडसर.

खरी गडबड गोंदापेक्षा जागेची असते. रॉकवर शेवाळ असेल तर गोंद शेवाळाला चिकटतो, मग शेवाळासकट फ्रॅग हातात! जुन्या टूथब्रशने घासा. प्लगचा (फ्रॅग ज्यावर बसवलेला असतो त्या छोट्या चकतीचा) तळ टिश्यूने टिपून कोरडा करा, वाटाण्याएवढं जेल लावा, पाण्यात नेऊन रॉकवर दाबताना थोडं फिरवा म्हणजे वरची साय फाटून आतलं ताजं जेल दगडाला लागतं, मग अर्धा मिनिट हलवू नका. गोंद प्लगला लावायचा, जिवंत मांसाला नाही.

रॉक खडबडीत असेल तर जेल एकटं पुरत नाही, मध्ये इपॉक्सी पुटीची (मळून लावायच्या, नंतर कडक होणाऱ्या लुकणाची) गोळी, तिच्या दोन्ही बाजूंना जेल, असं सँडविच करा. पण पुटी ॲक्वेरियमची घ्या. एम-सील गळक्या पाइपसाठी बनवलेलं आहे, मी तरी माझ्या टँकमध्ये घालणार नाही. चांगली पुटी लावली तरी स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढतो, कप भरून बाहेर वाहतो, तेव्हा काही तास बंद ठेवा आणि एका दिवशी ढीगभर पुटी लावू नका.

हातात नायट्राइल ग्लोव्हज हवेतच, डोळ्यांना चष्मा हवा. झोअँथिडमध्ये, त्यातही पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, जखमेतून गेलं तर महागात पडेल. सुती हातमोजे अजिबात नकोत, सायनोॲक्रिलेट कापसावर सांडलं की इतकं तापतं की चटका बसतो.

पुढेमागे मशरूम कोरल आणलात तर गोंदाच्या नादी लागू नका, त्याचा चिकट स्राव गोंद धरूच देत नाही. डब्यात दगडाचे बारके तुकडे घाला, वर मशरूम, तोंडाला जाळी, आणि प्रवाह कमी असेल तिथे ठेवून द्या, आठ-पंधरा दिवसांत तो स्वतःच एखादा खडा पकडतो, मग त्या खड्याला जेल लावा.