उजेड घ्यायचा, पण कधी?

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रात्री अकराला अभ्यासिकेतून येतो, तीनला झोपतो, दहाशिवाय उठत नाही. त्याला पहाटे पाचला उठवून रंकाळ्यावर फिरायला पाठवायला लागलो, तर दिवसभर पेंगतो आणि रात्री झोप नाहीच. काय चुकतंय?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : वेळ चुकतेय. रोजच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्यानंतर डोळ्यांना उजेड मिळाला तर पुढच्या रात्री झोप लवकर येते. त्याआधी मिळाला तर ती आणखी लांबते. दहाला उठणाऱ्याच्या बाबतीत ही वेळ सात-आठच्या सुमाराला येते, म्हणजे साडेसहाचा उजेड त्याला उलटाच पडतो. शिवाय झोप अर्धी होते ती वेगळीच.

पहिले दोन-तीन दिवस साडेनऊला उठवा आणि अर्ध्या तासाच्या आत गच्चीवर पाठवा. तीस ते पंचेचाळीस मिनिटं पुरतात, ढग असतील तर तासभर. चहा, पेपर, उजळणी, सगळं तिथेच चालेल, फक्त सूर्याकडे थेट बघायचं नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या. सातपर्यंत यायला दोन-अडीच आठवडे लागतील. रविवारी दहापर्यंत झोपू दिलंत, तर केलेलं बरंचसं वाया जातं.

हे घरातल्या ट्यूबखाली का होत नाही? खोलीत १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ आभाळाखाली काही हजार, लख्ख उन्हात १ लाखापर्यंत. आषाढातल्या झडीत गॅलरीच्या कडेला आभाळाकडे तोंड करून बसलं तरी खोलीपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो.

दुसरी बाजू संध्याकाळची, आणि आमच्या मते घरोघरी दुर्लक्ष होतं ते हिच्याकडेच. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशी मेंदूला दिवस-रात्र कळवतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. अभ्यासिकेतल्या डोक्यावरच्या पांढऱ्या ट्यूबखाली अकरापर्यंत बसलं, की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा वाढतं. झोपण्याआधीचे तीन तास घरीच, २७०० केल्विनच्या पिवळ्या टेबल लॅम्पखाली वाचू द्या. ट्यूब बंद. मोबाइलचा नुसता रंग पिवळा करून भागत नाही, ब्राइटनेसही अगदी खाली आणावा लागतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. नाईट अकरा ते सात, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सकाळी झोपलो की दोन तासांत जाग येते.
– एक वाचक, शिये

उत्तर : शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. आठवड्याच्या पाळीत ते पूर्ण फिरवायच्या मागे लागू नका, दिवसाची झोप राखा. शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेडात काम करा आणि तीननंतर चहा टाळा. भट्टीच्या झगझगाटावर जागं राहायचा भरवसा नको : त्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण, जास्त असतं, वर्षानुवर्षं ते सोसलं तर मोतीबिंदू होऊ शकतो. भट्टीसमोर सेफ्टी चष्मा काढू नका.

सुटल्यावर टपरीवर उन्हात रेंगाळू नका. वाटेत काळा चष्मा घाला. मात्र डोळ्यांवर झापड असेल तर चष्माही नको आणि गाडीही नको, बसनं या. खोलीत पडद्यापेक्षा पडद्याच्या वरची फट दगा देते. तिथे जाड कापड खोचा. हात पुढे धरल्यावर बोटं दिसत असतील, तर अंधार पुरेसा नाही.

प्रश्न : वय ७२. रात्री आठला डोळे मिटतात, तीनला टक्क जाग.
– एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : तुम्हाला उजेड संध्याकाळी हवा. हिवाळ्यात पावणेपाच ते सहा, उन्हाळ्यात साडेपाच ते सात बाहेर राहा आणि घरातले दिवे नऊपर्यंत लख्ख ठेवा. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड आत कमी जातो, म्हणून तुम्हाला उजेड जास्तच लागतो. सकाळचं फिरणं नऊनंतर ठेवा. तीनला जाग आली तर ट्यूब लावू नका, पायाशी मंद पिवळा दिवा पुरे. १०,००० लक्सचा दिवा विकत घ्यायचा विचार असेल, तर डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा मानसिक आजार) असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. बायपोलरमध्ये अशा दिव्यानं उन्माद उसळू शकतो.