ॲप तयार होत आलंय, डेव्हलपर अकाउंट कोणाच्या नावाने उघडू?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: कंपनी रीतसर नोंदलेली आहे, भागीदार दोघं आहात, कोड बाहेरचा एक डेव्हलपर लिहितोय, आणि महिनाअखेरीस ॲप अँड्रॉइड व आयफोन दोन्हीकडे आणायचंय. घाई आहे म्हणून अकाउंट त्या डेव्हलपरच्या किंवा स्वतःच्या नावाने उघडून टाकावं का?

नका उघडू. कंपनीच्या नावाने उघडा, आणि कोड पूर्ण व्हायची वाट न बघता आजच सुरुवात करा.

पैशांचा भाग सोपा आहे. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर. ॲपलचं नूतनीकरण चुकलं तर ॲप स्टोअरवरून उतरतं, तेवढी तारीख लक्षात ठेवा.

वेळ खातो तो डन्स नंबर. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था कंपन्यांना देते तो नऊ आकडी क्रमांक. कंपनीचं अकाउंट उघडताना ॲपलही तो मागतं आणि गूगलही. कदाचित तुमच्या कंपनीला तो आधीच मिळालेला असेल, तुम्हाला पत्ताही नसेल. ॲपलच्या साइटवर शोधायची सोय आहे, नसेल तर तिथूनच फुकट अर्ज करता येतो. मात्र कंपनीचं नाव आणि पत्ता नोंदणीच्या कागदाशी तंतोतंत जुळायला हवा. आमचं घोडं इथेच अडलं होतं. ऑफिस बदललं होतं, कागदपत्रांवर नवा पत्ता आणि डन्सच्या नोंदीत जुना. ती दुरुस्ती होईपर्यंत तीन आठवडे तयार ॲप नुसतं पडून राहिलं. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर वाचा.

ॲपलला आणखी दोन गोष्टी लागतात: कंपनीची चालू वेबसाइट आणि त्याच डोमेनवरचा ईमेल. शिवाय अर्ज करणाऱ्याला कंपनीच्या वतीने करार करायचा अधिकार असावा लागतो. म्हणजे तो फॉर्म तुम्ही किंवा तुमच्या भागीदाराने भरायचा, डेव्हलपरने नाही.

वैयक्तिक अकाउंट लवकर उघडतं हे खरं, पण त्याने वेळ वाचेलच असं नाही. ॲपलकडे विक्रेता म्हणून तुमचं स्वतःचं कायदेशीर नाव दिसतं, कंपनीचं नाही. गूगलकडे १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला आधी बंद चाचणी (क्लोज्ड टेस्टिंग), म्हणजे फक्त यादीतल्या निवडक लोकांना ॲप वापरायला देऊन चाचणी, घ्यावी लागते: किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती. कंपनीच्या अकाउंटला ही अट नाही. माझ्या स्वतःच्या छोट्या ॲपसाठी मी यातून गेलोय. बारा जण जमवले, सगळ्यांना लिंक पाठवली, तरी आकडा दहावरच अडकलेला. दोघांच्या फोनमध्ये प्ले स्टोअर वेगळ्याच जीमेलवर चालू होतं, आणि यादीत मी त्यांचा दुसराच पत्ता घातला होता. त्यांना ॲप दिसतच नव्हतं. चौदा दिवस संपल्यावर गूगल विचारतं की परीक्षकांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललंत, म्हणून रोजच्या सूचना टिपून ठेवलेल्या बऱ्या.

आता डेव्हलपरच्या नावाबद्दल. त्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही, पण ज्याचं अकाउंट त्याचंच ॲपवर नियंत्रण. एका कंपनीचं ॲप मी असंच अडकलेलं पाहिलंय. ज्याच्या अकाउंटवर ते होतं तो काम सोडून गेला, फोन उचलेना. ॲप एका अकाउंटमधून दुसऱ्यात हलवता येतं, पण विनंती मूळ अकाउंटच्या मालकालाच करावी लागते. शेवटी त्यांनी नव्या ओळखीने नवं ॲप टाकलं. आधीची डाउनलोडं, रेटिंग, अभिप्राय सगळं मागे राहिलं. लोकांनी मनापासून लिहिलेले ते अभिप्राय गेले याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा मालकी तुमच्याकडे ठेवा आणि डेव्हलपरला सदस्य म्हणून आमंत्रण द्या. बिल्ड, म्हणजे ॲपची तयार फाइल, चढवण्यापुरते अधिकार दिले तरी त्याचं काम चालतं. २५ डॉलर भरल्याची पावती जपून ठेवा. गूगलकडे ॲप हलवायची वेळ आली तर त्यावरचा व्यवहार क्रमांक लागतो.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच विचारून घ्या: ॲपचं पॅकेज नेम आणि बंडल आयडी, म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोनवर ॲप ओळखायचं त्याचं अंतर्गत नाव, काय ठेवलंय? बरेच डेव्हलपर तिथे सवयीने स्वतःच्या फर्मचं नाव घालतात. स्टोअरवर एकदा बिल्ड चढलं की ते बदलता येत नाही, आणि प्ले स्टोअरच्या लिंकमध्ये ते नाव कोणालाही वाचता येतं. अजून काहीच चढवलेलं नाही, तेव्हा तुमच्या डोमेनचं नाव घालायला आत्ता दहा मिनिटंही लागणार नाहीत.