पहिला टॉर्क रेंच घेताना

स्वतः चाकं बदलायची म्हणताय, छान! सुरुवातीला एकच टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरवलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना, घ्या: अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतं तो चौकोनी खुंट), ठरवलेला जोर गाठला की 'कट्' आवाज करणारा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा (आवळण्याच्या जोराचं माप). छोट्या गाड्यांचे व्हील नट बहुधा ८५ ते ११० च्या आसपास आवळतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मात्र मॅन्युअलमधूनच घ्या. स्पार्क प्लगसाठी लहान रेंच लागतो, त्याची आत्ता घाई नको.

आता वापराचं. आधी सगळे नट हाताने फिरवून बसवा, मग साध्या पान्याने हलकेच आवळा. गाडी जॅकवरून चाक जमिनीला टेकेपर्यंत उतरवा आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्यावर सेट केलेला टॉर्क रेंच लावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत. मूठ दांड्याच्या पकडीवरच ठेवा, सावकाश ओढा. मनगटाला छोटासा झटका जाणवतो, 'कट्' होतं. तिथेच थांबा! खात्रीसाठी पुन्हा ओढण्याची सवय सगळ्यांनाच लागते आणि त्यात नट जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या संपचा (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा) ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, मी असाच अंदाजाने दाबून आवळला होता, आटेच गेले.

आणखी तीन चुका टाळा:
- याच रेंचने गंजलेले नट सोडवणं. त्यासाठी साधा लांब पाना ठेवा.
- आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणं. आकडा तोच राहतो, बोल्टवरचा ताण मात्र वाढतो.
- काम झाल्यावर सेटिंग तसंच ठेवणं. स्केलवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, त्याखाली नको.

चाक बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट एकदा परत तपासा.