वाचक विचारतात : मंगळावर बासरी का उतरते?

प्रश्न : मंगळावरच्या वसाहतीत बासरी आणि तानपुऱ्याची मैफल रंगते, अशी विज्ञानकथा लिहिली आहे. वाचणारे म्हणतात, हीच मैफल पुण्यात झाली असती तरी चाललं असतं. संगीत कथेत मुरवायचं कसं?

उत्तर : वाचणाऱ्यांचं बरोबर आहे. मैफल घुमटाच्या आत, आपल्यासारख्या हवेत बसवलीत की मंगळाला काही कामच उरत नाही. वाद्यं बाहेर काढा.

बासरीचा सूर नळीची लांबी आणि आतल्या वायूतला ध्वनीचा वेग यांवर ठरतो. आपल्याकडे २० अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. मंगळाची हवा गार आणि जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मायक्रोफोनने, लेझरने खडकावर पाडलेल्या ठिणग्यांची टकटक टिपून, तिथला वेग मोजला गेला : सुमारे २४०. म्हणजे मूळच्या सात दशांश. बासरीचा सा घसरून मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, तीव्र मध्यमाच्या आसपास जातो. तानपुऱ्याची तार मात्र लांबी, ताण आणि वजन यांवर बोलते. थंडीने ताण बदलेल तेवढीच हलेल. जुळवायचं तर ६० सेंटीमीटरच्या बासरीऐवजी ४२ची हवी, भोकंही त्याच प्रमाणात सरकवलेली. ती कोण कापणार, आणि पृथ्वीवरून आणलेला एकुलता एक बांबू कोरड्या हवेत तडकला तर? इथे कथा सुरू होते.

आता घसरायच्या जागा. हेल्मेट घालून बासरी फुंकता येत नाही, आणि काढलं तर वादक उरत नाही. तेव्हा फुंक पंपाची, तीही बाहेरच्याच वायूची. टाकीतला ऑक्सिजन सोडलात तर वरचं गणित मोडलं. 'विरळ हवेमुळे सूर उतरला' हे वाक्य लिहू नका. दाब तिथे आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे, पण त्याने आवाज क्षीण होतो, सूर उतरत नाही. श्रोत्यांना मायक्रोफोन द्या.

आणखी एक गंमत : तिथे सुमारे २४० हर्ट्झच्या वरचे सूर खालच्या सुरांपेक्षा सेकंदाला दहाएक मीटर जोरात धावतात. २४ मीटरवर हा फरक जेमतेम ४ मिलिसेकंदांचा, त्यामुळे 'ताल विस्कटला' म्हणू नका. माणसाला तो कळणार नाही. ऐकणाऱ्या यंत्राला कळेल. निवेदक म्हणून ते यंत्रच घेतलंत तर कथा जास्त रंगेल असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : कथेत गाण्याचे शब्द छापले तर चालतं का?

उत्तर : जुनी पारंपरिक बंदिश खुशाल घ्या. इतर गीतांवर भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. तोवर लेखी परवानगी काढा. नुसत्या उल्लेखाला ती लागत नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अवकाशात गेली, हे बिनदिक्कत लिहा. फक्त ती ऐकून परग्रहवासीयांचे डोळे पाणावतात, हा शेवट आता नको.