शाळेतल्या पुस्तकबंदीची कादंबरी आणि मुलांची मराठी

परदेशात वाढणाऱ्या बहुतेक मुलांना घरातली मराठी येते. भाजीत मीठ कमी आहे, दप्तर आवर, आजीला फोन लाव, इथवर काही अडत नाही. पण एखाद्या निर्णयाला आपला विरोध का आहे हे सांगायची वेळ आली, की चौदा वर्षांची हुशार मुलगीही इंग्रजीवर येते. सभा, तक्रार, ठराव, मतदान यांचे शब्द जेवणाच्या टेबलावर कानावर पडतच नाहीत, मग ते येणार कुठून?

शाळेतल्या पुस्तकबंदीवरच्या कादंबऱ्या इथे फार उपयोगी पडतात. त्या इंग्रजीतच वाचू द्या. गोष्ट आधीच समजलेली असते, त्यामुळे मराठी शब्दाचा अर्थ वेगळा सांगत बसावं लागत नाही.

नऊ ते बारा वयासाठी अॅलन ग्रॅट्झ यांची ‘बॅन धिस बुक’ (2017) चांगली. लायब्ररीतून काढलेली पुस्तकं चौथीतली मुलगी आपल्या लॉकरमधून वाचायला देते. 2024 मध्ये फ्लोरिडातल्या एका काउंटीने हीच कादंबरी शाळांमधून काढली, म्हणजे चर्चेला खरी बातमीही हाताशी आहे. तेरा-चौदाच्या पुढच्यांना नॅट हेंटॉफ यांची 1982 ची ‘द डे दे केम टू अरेस्ट द बुक’ द्या. तिच्यात मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीवर आक्षेप घेणारे कृष्णवर्णीय पालक आहेत आणि पुस्तकाची बाजू लढवणारेही आहेत. दोन्हीकडे दम आहे, म्हणून शब्दही दोन्हीकडचे मिळतात. वंशद्वेषी शिवीवरची चर्चा तिच्यात येते, तेव्हा पालकांनी ती आधी वाचावी.

आठवड्याला एकच प्रकरण घ्या. पहिलं वाचन न थांबता होऊ द्या. मधेच शब्द विचारलात की गोष्टीची गोडी जाते. मग बैठकीचा किंवा भांडणाचा प्रसंग असलेली दोन पानं पुन्हा वाचा आणि त्यातून पाच-सहा शब्द काढा, जास्त नको. वीस शब्दांची यादी पहिल्या आठवड्यात उत्साहाने होते आणि तिसऱ्या आठवड्यात वही सापडत नाही.

वहीत सुटा शब्द कधीच लिहू नका. घोळ नेमका तिथे होतो. मुलं ‘बंदी केली’, ‘आक्षेप केला’ म्हणतात, कारण कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद येतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बंदी घालतात आणि उठवतात. आक्षेप घेतात. ठराव मांडतात, मग तो संमत होतो किंवा फेटाळला जातो. दुसरी अडचण प्रत्ययांची: पुस्तकावर बंदी, पुस्तकावर आक्षेप, पण निर्णयाला विरोध आणि निर्णयाचा निषेध. म्हणून वहीत पूर्ण वाक्य हवं, तेही गोष्टीतलंच: ‘समितीने पुस्तकावर बंदी घातली’, ‘मुलांनी या निर्णयाचा निषेध केला’. ‘घातली’ आणि ‘केला’ यांवरून बंदी स्त्रीलिंगी आणि निषेध पुल्लिंगी हेही आपोआप बसतं. तीच वाक्यं दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने तोंडी म्हणून घ्या. एकाच दिवशी दहादा घोकून ती टिकत नाहीत.

‘अभ्यासक्रमातून वगळणे’ आणि ‘ग्रंथालयातून काढून टाकणे’ या दोन गोष्टी मुलांना वेगळ्या करून दाखवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1982 मध्ये आलेला पिको खटला शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांचा होता. केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळा मंडळाने ती काढू नयेत, असं तिथल्या मुख्य निकालपत्रात म्हटलं. वर्गात काय शिकवायचं हा प्रश्न त्यात नव्हता.

वही भरली तरी बोलणं व्हायलाच हवं, आणि त्यासाठी मुंबईतले आजी-आजोबा हवेत. न्यू जर्सीत रविवारी सकाळचे दहा म्हणजे मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. नातवंडाने पाच मिनिटांत प्रसंग सांगायचा, मग आजीने मुद्दाम बंदीची बाजू घ्यायची. आजीला आधी एवढंच सांगून ठेवा: मधेच चूक सुधारू नका, स्वतःच्या पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर वापरा. आणि ‘लायब्ररी’, ‘प्रिन्सिपल’ यांना मराठी प्रतिशब्द शोधायचा हट्ट नको. दादर-मुलुंडमध्येही घरात हेच शब्द चालतात. ‘ग्रंथालय’ वाचताना ओळखता आलं की झालं.

पुस्तक संपलं की मुंबईकडे या. 2010 मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ अभ्यासक्रमातून वगळली. त्यावर मराठी वृत्तपत्रांत आलेलं काही शोधा आणि फक्त पहिले दोन परिच्छेद वाचा. वहीतले बरेच शब्द तिथे भेटतील, शिवाय ‘मुस्कटदाबी’, ‘गळचेपी’, ‘कात्री लावणे’ असे कादंबरीतून न मिळालेलेही. मोठ्या मुलांना कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’बद्दल सांगा. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि 1910 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. सुट्टीत मुंबईला आलात तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा आणि हे नाटक मुलालाच काउंटरवर मागू द्या. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा.