पॅरिसजवळ गर्द झाडीत वसलेले आणि राजघराण्याचा वारसा असलेले, राहण्याजोगे उपनगर कोणते?

नोकरी पॅरिसमध्ये असताना झाडीत, शांत आणि जुन्या राजवटीच्या खुणा जपणाऱ्या वस्तीत राहता येईल का, असे आपण विचारले आहे. मी मेझाँ-लाफीतचे नाव सुचवीन. पॅरिसच्या वायव्येस, सेन नदीच्या काठी आणि साँ-जेरमाँच्या जंगलाला लागून हे गाव आहे. आरईआर ए या रेल्वेमार्गाने तेथून थेट शहरात जाता येते.

येथील प्रासाद सतराव्या शतकात फ्रान्स्वा माँसार या वास्तुविशारदाने रने द लाँगय यांच्यासाठी बांधला. १७७७ मध्ये तो सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, याने विकत घेतला आणि हाच काउंट पुढे दहावा शार्ल म्हणून गादीवर आला. तरीही आजची वस्ती झाडीत उभी आहे, याचे श्रेय मी राजांपेक्षा झाक लाफीत या बँकमालकाला देतो. त्याने १८१८ मध्ये प्रासाद घेतला. १८३० च्या जुलै क्रांतीत दहाव्या शार्लला पदच्युत करणाऱ्यांत तो अग्रभागी होता, काही महिने पंतप्रधानही झाला. परंतु त्याच उलथापालथीत त्याची बँक डबघाईला आली, म्हणून १८३४ पासून त्याने प्रासादाभोवतीचे उद्यान भूखंड पाडून विकायला काढले. घरे बांधणाऱ्यांना दगड मिळावेत म्हणून त्याने प्रासादाची भव्य पागाही पाडली, आणि ही हानी कधीच भरून निघणारी नाही. मात्र भूखंड विकताना त्याने खरेदीदारांवर उद्यानाचे स्वरूप जपणाऱ्या अटी घातल्या, त्यामुळे वस्ती वाढूनही रुंद वृक्षवीथी आणि बागांनी वेढलेले बंगले टिकून राहिले.

आपण घर पाहायला जाल तेव्हा ते याच उद्यानभागात आहे की स्थानकाजवळच्या गावठाणात, हे आधी विचारून घ्यावे, कारण दोन्हीकडचे वातावरण आणि नियम निराळे आहेत. उद्यानभागात शर्यतीच्या घोड्यांचे तबेले आहेत आणि सकाळी घोडे सरावाला निघतात, तेव्हा वाहनचालकांना त्यांना वाट द्यावी लागते. शर्यतीचे मैदान २०१९ मध्ये बंद झाले असले तरी सराव चालू आहे. १९०५ मध्ये सरकारने विकत घेतलेला प्रासादही आतून पाहता येतो.