गुडघ्यावर फाटलेली कामाची पँट

पँट टाकून देऊ नकोस, गुडघा गेला तरी बाकीचं कापड दणकट असतं. आधी स्वच्छ धू, मग फाटलेला भाग उजेडासमोर धर. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं दिसेल. ठिगळ त्या विरलेल्या भागाच्या पलीकडे दोन बोटं जायला हवं. मी पहिल्यांदा भोकाएवढंच लावलं होतं. आठवड्यात ठिगळाच्या कडेनेच पँट टरकली.

ठिगळासाठी जुन्या जीन्सची मागची बाजू उत्तम. कोरं कापड असेल तर आधी भिजवून वाळव, नाहीतर नंतर आटून चुण्या पडतात. कोपरे गोल काप, टोकदार कोपरे लवकर उचकटतात. ठिगळ आतून ठेव, उभा धागा उभ्या धाग्याला जुळव आणि कच्चा धावदोरा घाल. पँटच्या पायात पुठ्ठा सरकव, म्हणजे मागचं कापड सुईत येत नाही. मग दुहेरी दोऱ्याने बारीक उलटी टीप घाल, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जायचं, कडेने आणि भोकाभोवतीही. मशीन असेल तर पायाची बाजूची शिवण थोडी उसव, म्हणजे गुडघा सुईखाली सपाट पसरता येतो, सुई १६ किंवा १८ नंबरची लाव.

वेल्डिंगचं काम करतोस ना? मग दोरा आणि ठिगळ दोन्ही सुतीच घे बाबा. पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.